साव्याची बारा पोती

बागेच्या कचेरीतले नवे साहेब परवा माझ्याकडे आले. बदकांच्या समाधीपाशी एक पाटी लावायची आहे म्हणाले, आणि इनागे तोकुझोबद्दल त्यांनी चार ओळी लिहून आणल्या होत्या. युद्धाच्या काळात स्वतः उपाशी राहून ज्यांनी राजवाड्याची बदकं जगवली ते निष्ठावंत रखवालदार, असं काहीतरी. "आजी, काही चुकलं असेल तर सांगा," म्हणाले. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. बदकं जगली म्हणे! बाग शहराच्या ताब्यात गेली त्या आठवड्यातच शेवटचं बदक कुणाच्या तरी पातेल्यात गेलं. आणि उपाशी कोण राहिलं, त्या बाईचं तर नावसुद्धा त्या कागदावर नव्हतं.

"उद्या सांगते," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. आता उद्या ते आले की पुन्हा तोंडाला कुलूप लागेल, हे मला माहीत आहे. म्हणून आजच सांगून टाकते.

मी या बागेत एकेचाळीस वर्षं गवत उपटलं. गवतवाल्या बायका म्हणजे वाकलेल्या पाठी, त्यांच्यासमोर लोक बिनदिक्कत बोलतात. तोकुझो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला एकेरीच हाक मारायची. तो मात्र मरेपर्यंत मला "शिगेसान, तुम्ही" असंच म्हणायचा.

ही जमीन मुळात जमीनच नव्हे. सुमिदा नदी जिथे समुद्राला मिळते तिथली लव्हाळ्याची दलदल होती ती, शोगुनांचे ससाणे इथे शिकार करायचे. मग कुण्या शोगुनाच्या मनात आलं, भराव घातला, देवदार लावले, आणि मधोमध खाऱ्या पाण्याचं तळं केलं. भरतीला लाकडी दार वर उचललं की समुद्र आत येतो, ओहोटीच्या आधी दार पाडलं की तळ्यात अडकून बसतो. आजही तसंच चालतं. शोगुन गेले, सम्राट आले, नाव बदललं, पाटी बदलली. परदेशचे राजे इथे उतरायचे, तळ्यातल्या लाकडी पुलावरून हळूहळू चालायचे, चहागृहात बसून चंद्र बघायचे. आम्ही त्या वेळी झुडपांमागे उकिडव्या बसायचो, कारण पाहुण्यांना माणसं दिसता कामा नयेत असा नियम होता. आता चारी बाजूंनी उंच इमारती आणि वाहनांचा पूल, आणि तिकीट काढून कुणीही डबा खायला येतो. ते चांगलंच आहे. मी तक्रार करत नाही, त्याबाबतीत तरी नाही.

तोकुझो चौदाव्या वर्षी इथे बदकांवर लागला. दुसऱ्या टोकाला गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याला लागून अरुंद चर खणलेले आहेत. थंडीत उत्तरेकडून रानबदकं उतरायची. त्यांना चरात आणायला त्याच्याकडे तीस पाळीव बदकं होती. आम्ही त्यांना फितूर म्हणायचो. मातीच्या बांधाआड एक बुटकी खोली, तिच्या भिंतीला डोळ्याएवढं भोक. तोकुझो आत बसून लाकडी फळीवर हातोडी वाजवायचा, टक टक टक, आणि चरात सावा टाकायचा. फितूर खायला धावत आले की रानबदकं त्यांच्या मागे. मग तो खूण करायचा, आणि दबा धरून बसलेले परदेशी राजदूत, त्यांच्या टोपीवाल्या बायका जाळ्या घेऊन उठायच्या. रानबदकं उडताना जाळीत सापडायची. फितुरांच्या पिसालाही धक्का लागता कामा नये, तो तोकुझोचा हिशेब. शिकारीनंतर मांस भाजायचे, त्यालाही वाटा यायचा. तो वाकून नमस्कार करायचा आणि नको म्हणायचा. वर्षातून एकदा, शिकारीत मेलेल्या बदकांच्या समाधीपुढे उदबत्ती लावायचा, ती मात्र स्वतःच्या पगारातून.

किनु त्याची बायको. ओमोरीच्या किनाऱ्यावरची, समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्यांच्या घरातली, त्यामुळे आवाज हा असा, वाऱ्यावर मात करणारा. मूलबाळ नाही. त्यावरून कुणी टोचलं तर म्हणायची, "आमच्या ह्यांना तीस आहेत, आणखी कुठे ठेवू?" आमच्या खोल्यांची ओळ मागच्या भिंतीला लागून, माझी खोली त्यांच्या शेजारची. तिच्या हसण्यानं मला सकाळी जाग यायची, आणि मी भिंतीवर मूठ आपटायची.

चव्वेचाळीस सालच्या नोव्हेंबरच्या शेवटी विमानं आली. चहागृहं जळली. शोगुनांच्या काळचे खांब दोन तासांत गेले. बदकांच्या खुराड्यावरही आग पडली. सकाळी तोकुझोनं मोजली तर तिसातली अकरा उरलेली. एकोणीस मेलेली बदकं त्यानं समाधीमागे पुरली. मी म्हटलं, "अरे तोकुझो, भाजलेलीच आहेत, एक तरी घरी ने." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपली उचलून चालायलाच लागले.

तो कचेरीत गेला आणि कुसुमोतोसानना सांगितलं, अकराच राहिली. कुसुमोतोसान म्हणजे राजवाड्याच्या कचेरीचे इथले कारकून, पातळ केसांचे, हळू बोलणारे. ते "बरं" म्हणाले. एवढंच.

आणि एक डिसेंबरला हातगाडीवरून दोन पोती सावा आला. तीस बदकांचा. जानेवारीतही दोन. फेब्रुवारीतही दोन.

आता हे कुणाला समजवायची गरज नव्हती. शहरात तांदळाचा दाणा नाही, शिधापत्रिकेवर कधी सोयाबीनचा चोथा तर कधी काहीच नाही. अशा वेळी कुसुमोतोसाननी अकराचे तीसच ठेवले, आणि एक पोतं महिन्याला इनागेच्या घरी जावं अशी सोय केली. उघड बोलायचा प्रश्नच नव्हता. बोललं की कारकुनाची चोरी आणि रखवालदाराचा मिंधेपणा. आमच्यात असंच चालायचं. मलाही त्यांनी जळक्या खांबांचे तुकडे दाखवून म्हटलं होतं, "शिगेसान, हा कचरा कुठे तरी टाकून द्या ना." मी दोन महिने त्या कचऱ्यावर चूल पेटवली आणि आभाराचा शब्द काढला नाही. काढला असता तर ते बिचारे शरमेनं मेले असते.

तोकुझोला हे कळलं नाही. मी आधीच सांगते, म्हणजे कुणी काही भलतं धरून चालायला नको. त्यानं त्या जास्तीच्या पोत्यातला एक दाणाही घरी नेला नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यानंच मला सांगितलं. त्याला वाटलं, कुसुमोतोसान वर कळवायला विसरले. पोतं परत केलं तर त्यांची चूक चारचौघांत उघडी पडेल. म्हणून त्यानं ती चूक झाकली. दर महिन्याचं दुसरं पोतं त्या बांधाआडच्या खोलीत नीट रचून ठेवलं. वेळ येईल तेव्हा गुपचूप परत करू. म्हणजे कुसुमोतोसान ह्याची अब्रू सांभाळत होते आणि हा कुसुमोतोसानची. दोघंही भले. असल्या भलेपणाला काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

आम्हाला ओळीतल्या सगळ्यांना मात्र खात्रीच होती. हातगाडी आमच्या दारावरूनच जायची. अकरा बदकं किती खाणार, बोटांवर मोजता येत होतं. आम्ही गवताचे कोंब आणि भोपळ्याचे वेल उकडून खातोय, आणि इनागेच्या घरी साव्याची पेज शिजतेय, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. कुणी चिडलं नाही असं नाही. पण बोलायचं नाही, हेही ठरलेलंच.

मार्चमध्ये किनुचा चेहरा भरायला लागला. गाल वर आले, पाय जाडजूड दिसायला लागले. हापशावर पाणी भरताना माझ्या तोंडून गेलंच, "किनुसान, बदकांचं खाणं अंगी लागलं हं तुमच्या!"

ओळीतल्या बाया खाली बघून हसल्या. किनु क्षणभर थांबली, मग तीही हसली.

"हो ना. आता एक दिवस तळ्यात उतरते आणि पोहायलाच लागते बघा," ती म्हणाली.

"उडून नका जाऊ म्हणजे झालं."

"कुठली उडतेय! एवढं वजन घेऊन?"

बादली उचलताना तिला दोनदा टेकावं लागलं. मला वाटलं, सुखानं सुस्तावलीय.

एप्रिलमध्ये माझा भाऊ चिबाहून एक टोपलीभर रताळी घेऊन आला. मी ओळीत प्रत्येक घरी एकेक दिलं. इनागेच्या दारावरून पुढे गेले. किनु उंबऱ्यात बसून तोकुझोचे मोजे रफू करत होती. तिनं टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान लाल आहेत हो." मी म्हटलं, "हो, आहेत." आणि पुढच्या दारी गेले. मला ऐंशी वर्षं होत आली, या आयुष्यात मी बऱ्याच जणांना शिव्या दिल्यात, एकदा एका शिपायाला खुरपंही फेकून मारलं होतं. त्यातल्या कशानंही माझी झोप उडत नाही. ते "हो, आहेत" मात्र झोपू देत नाही.

जूनमध्ये, पावसाळी ढग होते त्या दिवशी, मी शिकारीच्या तळ्याच्या बांधावर गवत काढत होते. तोकुझो समुद्राकडच्या दारावर गेला होता, तिथला माणूस लढाईत गेल्यापासून भरतीचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. किनु त्याची छत्री घेऊन आली. चालताना धाप लागत होती. त्याला हाका मारल्या, मग वाकून त्या बुटक्या खोलीत शिरली. खूप वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिनं हात ॲप्रनला पुसले, एकदा, पुन्हा एकदा.

"सापडले का?" मी विचारलं.

"नाही. पण ह्यांनी आत सगळं किती नीट ठेवलंय हो, शिगेसान," ती म्हणाली. हसली सुद्धा. मग माझ्या शेजारी बांधावर बसली, आणि बराच वेळ बदकांकडे बघत राहिली. तोकुझो लांबून येताना दिसला तशी उठली. "मी इथे आले होते म्हणून सांगू नका. छत्री तुमच्याकडून द्या. उगाच ओरडतील, एवढ्या लांब चालत आलीस म्हणून."

मला वाटलं, नवऱ्याचा अभिमान मिरवतेय. मी छत्री दिली आणि काही बोलले नाही.

जुलैत एका सकाळी भिंतीपलीकडे आवाजच आला नाही. तोकुझो दारात उभा होता, "शिगेसान, जरा येता का," म्हणून. किनु रात्रीतच गेली होती. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी तिच्या पिंढरीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. कणकेत राहतो तसा.

"ही चरबी नव्हती," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे. उपासमारीची. किती महिने काय खात होत्या?"

"जे मिळेल ते," तोकुझो म्हणाला. "मला वाढायची आधी. म्हणायची, मी चुलीपाशीच खाल्लं."

आम्ही ओळीतली माणसं दारात उभी होतो. कुणी कुणाकडे बघेना. आणि लाज वाटण्याऐवजी आम्हाला काय वाटलं, तेही सांगते. आम्हाला वाटलं, मग पोती गेली कुठे? विकली यानं. काळ्या बाजारात विकली, पैसा दडवला आणि बायकोला उपाशी मारलं. त्या दिवसापासून तोकुझोशी ओळीत कुणी धड बोललं नाही. मीही नाही. तो रोज सकाळी जायचा, टक टक टक ऐकू यायचं, आणि मी दात खाऊन गवत उपटायची. तो एकटाच शिजवायचा, एकटाच जेवायचा. ऑगस्टमध्ये लढाई हरलो तेव्हा रेडिओपुढे सगळे रडले, तो बाहेर बदकांना पाणी घालत होता.

नोव्हेंबरात हुकूम आला. राजवाड्यानं बाग शहराला दिली. शोगुनांची बाग, सम्राटांची बाग, आता पालिकेची. त्या दिवशी कुसुमोतोसान पालिकेच्या एका माणसाला घेऊन सगळीकडे फिरले, काय काय आहे ते दाखवत. पूल, जळकी जोती, दारं, देवदार. आम्ही नोकर मागून चाललो होतो. शिकारीच्या तळ्यापाशी पालिकेचा माणूस म्हणाला, "बदकं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचं आम्ही काही बघणार नाही."

तोकुझोनं मान हलवली. मग तो कुसुमोतोसानपुढे कमरेत वाकला.

"एक गोष्ट परत करायची राहिलीय. चुकून जास्त आली होती. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून इतके दिवस बोललो नाही."

आणि त्यानं बुटक्या खोलीचं दार उघडलं.

भिंतीशी बारा पोती. एकावर एक, कडा जुळवून, खाली फळ्या घातलेल्या. मी ते पाहिलं आणि मला जूनमधली किनु दिसली, ॲप्रनला हात पुसणारी. मी दाराच्या चौकटीला धरलं.

तोकुझो सांगत होता, "खालच्यांना ओल लागलीय. बुरशी धरली असेल. माझा हलगर्जीपणा झाला, क्षमा असावी."

कुसुमोतोसानचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग सगळ्यांदेखत, परक्या माणसादेखत, ते आमच्यात कुणी कधी बोलत नाही ते बोलले.

"इनागेसान, ती चुकून नव्हती आली. तुमच्यासाठी होती. तुमच्या बायकोसाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही अकरा म्हणालात, तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कसं सांगणार होतो?" कुसुमोतोसान म्हणाले, आणि तिथेच ओल्या गवतावर खाली बसले.

तोकुझो आमच्याकडे वळला. ओळीतल्या एकेकाकडे त्यानं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. त्यावरून त्याला कळलं असावं की ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्याच्याशिवाय. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त ओठ ओले करत राहिला, ऊन लागलेला माणूस करतो तसं.

पालिकेच्या माणसाला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला संध्याकाळपर्यंत काम उरकायचं होतं. "धान्य आहे ना? मग एकेक उघडून दाखवा. चांगलं किती, खराब किती, बघायला हवं," तो म्हणाला.

तोकुझो आत गेला आणि पोती ओढायला लागला. सवयच होती त्याला, सांगितलं की करायचं. पहिलं पोतं डिसेंबरचं, हिरवं पडलेलं. दुसरंही तसंच. चौथ्यात कोंब फुटलेले. प्रत्येकाची दोरी तो एका झटक्यात सोडत होता, त्याची स्वतःची गाठ होती ती, रखवालदारांची, दोनदा फिरवून आत खोचलेली. सातव्या, जूनच्या पोत्यावर त्याचा हात थांबला.

"ही गाठ माझी नाही," तो म्हणाला.

मी पुढे होऊन पाहिलं. एक फास ठेवून बांधलेली, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनाही ओढता यावी अशी. ओमोरीच्या बायका शेवाळाच्या टोपल्या तशा बांधतात.

"शिगेसान, जूनमध्ये तुम्ही या बांधावर होतात. ती इथे आली होती का?"

माझ्या जिभेला आयुष्यात कधी लगाम नव्हता. त्या क्षणी मला खोटं बोलता यायला हवं होतं. मला ते सुचलं नाही.

"आली होती. छत्री घेऊन. तू समुद्राकडच्या दारावर होतास."

"मला नाही बोलली."

"सांगू नका म्हणाली."

"आणि काय म्हणाली?"

"ह्यांनी सगळं किती नीट ठेवलंय, म्हणाली."

त्यानं फास ओढला. पोतं कोरडं होतं, चांगलं होतं, अगदी तोंडापर्यंत भरलेलं. वरचा सावा कुणीतरी तळहातानं सारखा केला होता. तोकुझोनं त्यावर आपला हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

"अगं, मूठभर तरी घ्यायचं होतंस," तो म्हणाला.

तळ्यावर बदकं ओरडत होती, त्यांची खाण्याची वेळ झाली होती.

"हे चांगलं आहे," पालिकेचा माणूस म्हणाला. "पुढचं उघडा."

तोकुझोनं पुढचं उघडलं. मग त्याच्या पुढचं. बाराही उघडून दाखवली.